फाटकावर न थांबणारी गाडी

ऐन झरूग, सोमवार, ३ मार्च १९९७

बेया,

सलाम. नऊ वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. भांडायला लिहितोय.

आज आई बाजारातून आली आणि अंगणात पाय धुवायला बसली. लुगडं जरा वर केलं तर पावलाला पांढरीशुभ्र पट्टी. कडा नीट दुमडलेल्या, वर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने आजची तारीख.

"हे कुणी बांधलं?" मी विचारलं.

"मसालेवाल्याने."

"मसालेवाला पट्टीवर तारीख घालतो?"

"शिकलेला आहे तो," आई म्हणाली.

मग नेज्मा हसली, आणि बायकोच्या हसण्यावरून मला कळलं की या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. चौदा महिने! दर सोमवारी आई माझ्याच गाडीतून उतरते, टोपली घेऊन बाजारात शिरते, गव्हाच्या कोठारामागून वळते आणि तुझ्या इस्पितळाच्या मागच्या दाराने आत जाते. तिला तिथे सोडणारा मीच, आणि "सावकाश ये, घाई नाही" असं सांगणाराही मीच.

बेया, ही सगळी दरी मी माझ्या भाड्याच्या गाडीतून स्फाक्सला नेतो. चार तास जायचे, चार तास यायचे. मूल अडलेली बाई असो की छातीत दुखणारा म्हातारा, तुमच्या फाटकापुढून जाताना मी गाडीचा वेगसुद्धा कमी करत नाही. का, ते तुला माहीत आहे. लोकांनाही माहीत आहे. आणि माझीच आई मागच्या दाराने तुमच्याकडे? उद्या कुणी पाहिलं तर मी काय तोंड दाखवू?

साखरेचा आजार आहे तिला. अशा पायाचं काही चुकलं तर पायच जातो. गुरुवारी मी तिला स्फाक्सच्या मोठ्या डॉक्टरकडे नेतोय. यापुढे तू हात लावायचा नाहीस.

पत्र आईजवळच देतोय. तिला वाचता येत नाही तेच बरं. "मी काय टपालखातं आहे?" म्हणाली, पण टोपली पुढे केली.

बलकासेम


बिर ताजेरा, १० मार्च

दादा,

(दादा म्हणायची परवानगी अजून आहे ना? नसेल तर खोडून वाच.)

तुझं पत्र आईने पालकाच्या जुडीखालून काढून दिलं. ओलं झालंय, पण राग वाचता आला.

गुरुवारी तू तिला स्फाक्सला नेलंस. तिथे काय झालं ते आईने सांगितलं. मोठ्या डॉक्टरने पट्टी सोडली, जखम पाहिली, विचारलं, "हे कोण करतंय?" आई म्हणाली, "माझी मुलगी. सुईण आहे." तो म्हणाला, "तिला सांगा, असंच चालू ठेवा." आणि पुन्हा पट्टी बांधून दिली. जरा आवळून बांधली होती. आज मी सैल केली. म्हणजे आठ तास गाडीत बसून आईने काय आणलं, तर माझं प्रगतिपुस्तक.

जखम पहिल्या दिवशी अंजिराएवढी होती, आता मसुरीएवढी आहे. तिला अनवाणी फिरू देऊ नकोस. चहा पिताना समोर बस. तू तोंड फिरवलंस की ती तिसरा चमचा साखर घालते. नेज्मावहिनीला माहीत आहे, पण ती चहाडी करणार नाही.

मी हात लावू नये असं तुला वाटत असेल, तर तूच शीक. पुढच्या सोमवारी ये. अर्धा तास लागेल. मागचं दार तुलाही उघडं आहे.

बेया


ऐन झरूग, २३ मार्च

बेया,

प्रगतिपुस्तक वाचून नेज्मा दोन दिवस हसतेय. ठीक आहे. आईचा पाय तुझा. पण एका पायावरून इस्पितळ चांगलं ठरत नाही.

तू भिंतीच्या आत असतेस, मी गाडीत. लोक काय बोलतात ते मी ऐकतो. हज्जा मब्रूका, आपल्या विहिरीजवळची, तिला खालच्या अंगाचा काही त्रास आहे. ती तुमच्याकडे आली होती. तुमच्या नोंदणीवाल्याने खिडकीतून ओरडून विचारलं, "काय होतंय? कुठून जातंय रक्त?" मागे तिचा जावई उभा होता. ती तशीच घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत बसली. मला म्हणाली, "स्फाक्सला मला कुणी ओळखत नाही रे. तिथे मी नुसती एक म्हातारी." चार तास धूळ खात ती गेली, ती मोठ्या डॉक्टरसाठी नाही. तिथे कुणी तिचं नाव पुकारणार नाही म्हणून.

दुसरा म्हणतो, डॉक्टरने मान वर करून पाहिलंच नाही. माझं तोंड न बघता चिठ्ठी लिहिली. तिसरा म्हणतो, क्ष-किरणाचं यंत्र रमजानच्या आधीपासून झाकून ठेवलंय, त्यावर कुणीतरी डबा ठेवून जेवतो. आणि काही नुसतेच जातात, कारण शेजारी गेला होता. पिकतं तिथे विकत नाही, हेही आहेच. पण सगळं तेवढंच नाही.

आणि माझं कारण तर तुला तोंडपाठ असेल. अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात मी नेज्माला तुमच्या दारात आणलं आणि रिकाम्या हातांनी परत नेलं. मुलगा होता. तुमचा डॉक्टर कुणाच्या तरी सुंतेच्या जेवणाला गेला होता. तिथे तू होतीस, आणि तुझ्याच्याने काही झालं नाही. हे मी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सांगत राहीन.

आणखी एक. नेज्माला चौथा महिना आहे. नऊ वर्षांनी. बाळंतपण स्फाक्सलाच होईल; शेवटचा महिना तिला तिथे मावसभावाकडे ठेवणार आहे. तुला विचारत नाही, कळवतोय.

बलकासेम


बिर ताजेरा, ३१ मार्च

दादा,

बातमी वाचून मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. मग डोळे धुऊन पुढच्या बाईला आत घेतलं. वहिनीला माझ्याकडून कपाळावर मुका दे.

मब्रूका हज्जांचं खरं आहे. तो माणूस बारा वर्षं असाच ओरडतोय आणि आम्हाला इतकी सवय झाली होती की ऐकूच येत नव्हतं. तुझं पत्र मी डॉक्टर रीमना वाचून दाखवलं (आपलं घरचं सोडून). ट्यूनिसहून आलेली पोर, तिशीचीही नाही. तिचे कान लाल झाले. आता बायका खिडकीवर जात नाहीत. अंगणातून थेट माझ्या खोलीत येतात, आत पडदा लावलाय. यंत्र अजून बंदच आहे. त्यावरचा डबा माझा होता. उचलला.

डॉक्टर त्या दिवशी जेवणाला गेला होता, हेही खरं. त्या दिवशीच्या सगळ्या खऱ्या गोष्टी मात्र तू कधी सांगितल्या नाहीस. मी लिहिणार नाही. त्या तुझ्या आहेत.

वहिनीचा रक्तदाब दर पंधरा दिवसांनी बघून घे. स्फाक्सला बघ, औषधाच्या दुकानात बघ, कुठेही. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडावर सूज आली, तर कुणाची वाट बघू नकोस. माझ्यावरचा राग नंतर कर.

बेया


ऐन झरूग, ४ मे

बेया,

महिनाभर कागद पुढे घेऊन बसतो आणि उठतो. आज संपवणार आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आई तुझ्या वाटणीचं मटण घेऊन निघाली. आता ती लपवतही नाही. मी गाडी सुरू केली तर नेज्मा येऊन मागच्या सीटवर बसली.

"तुला बाजारातून काय हवंय?" मी विचारलं.

"काही नको. मला बेयाकडे सोड."

"ज्या दारात आपला मुलगा गेला त्या दारात?"

ती नेहमी अशा वेळी गप्प बसते. या वेळी नाही बसली. आई शेजारी असताना म्हणाली, "तो तिथे गेला नाही, बलकासेम. तो घरीच गेला. दुपारीच मला कळलं होतं. पोटात हालायचा थांबला तेव्हा मी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत होते."

मी चावी फिरवून गाडी बंद केली. आईने टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि डोंगराकडे तोंड करून बसली. तीही जाणून होती, बेया.

तर सांगतो. तुला ठाऊक आहे, तरी मी माझ्या हाताने लिहितो. त्या बुधवारी तू वर गावात आली होतीस. नेज्माच्या पावलावर बोट दाबलंस, ते रुतलं. मला अंगणात बोलावून म्हणालीस, "दादा, उद्या सकाळी उजाडताच हिला खाली घेऊन ये. कळांची वाट बघू नकोस." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या आमोरच्या घरचं वऱ्हाड नवरी घेऊन स्फाक्सला जायचं होतं. गाडी नवी होती, तीन महिन्यांची. नवरीकडची माणसं माझ्या नव्या गाडीतून उतरतील असा शब्द मी चहाच्या दुकानात सगळ्यांपुढे दिला होता. नेज्मा म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, दुपारपर्यंत येतोच. जायला चार, यायला चार. दुपारपर्यंत कसा येणार होतो? मला हिशोब येत नव्हता का? तिथे त्यांनी जेवायला बसवलं. मी बसलो. बेया, मी दोनदा वाढून घेतलं.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. तुमच्या फाटकात आलो तेव्हा मगरिबची, सांजेची बांग होत होती. तू दारात उभी होतीस. सकाळपासून तिथेच उभी असावीस. मला काही विचारलं नाहीस, नेज्माला उचलून आत नेलंस. मग कुणीतरी सांगितलं, डॉक्टर नाही, जेवणाला गेलाय. तेव्हा मला आधी राग आला नाही. हायसं वाटलं. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. राग नंतर आला, तो मीच आणला, आणि नऊ वर्षं तो गाडीसारखा चालवला.

मुलाला पुरून आल्यावर लोकांपुढे मी तुझं नाव घेतलं. ते ऐकून पहिल्या बाईने तुमचं फाटक सोडलं, मग दुसरीने. किती जणींनी, मी मोजलं नाही.

तू गप्प का राहिलीस? एका वाक्याने मला मारता आलं असतं.

मंगळवारी नेज्माला घेऊन येतो. पुढच्या फाटकाने.

बलकासेम


स्फाक्स, शनिवार, २८ जून

बेया,

तू काल दुपारच्या गाडीने परत गेलीस. त्यानंतरचं सांगायला इस्पितळाच्या अंगणात भिंतीवर कागद टेकवून लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

मुलगी झाली. आज सकाळी दहा वाजता, पोट उघडून. पावणेदोन किलोची आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. दारामागून रडली. मी ऐकलं. नेज्मा बरी आहे, रक्तदाब उतरतोय, रस्सा प्यायली आणि मीठ नाही म्हणून कुरकुरली. म्हणजे बरीच आहे.

गुरुवारी तुझ्यावर ओरडलो, त्याबद्दल माफ कर. मे महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी तुमच्या बाकावर येऊन बसत होतो. वाटलं होतं, बाळंतपण आता तुझ्याच हातून होणार. मनाची तयारी केली होती. आणि तू पट्टा दंडावर बांधून दोनदा आकडा बघितलास आणि म्हणालीस, "ही इथे नको. आत्ता, या घटकेला स्फाक्स." मी म्हटलं, "नऊ वर्षांनी फाटकात आलो आणि तूच हाकलतेस?" तू म्हणालीस, "आजवर तू पळवून नेत होतास. आज मी पाठवतेय. आमच्याकडे शस्त्रक्रियेचा डॉक्टर नाही, इतक्या लहान बाळाची पेटी नाही. इथे ठेवून घेणं म्हणजे माझी हौस." आणि चप्पल बदलून स्वतः मागे बसलीस.

ती वाट मी हजार वेळा गेलोय, पण असा कधी पोचलो नव्हतो. इतकी वर्षं मी माणसांना इथल्या दारात उतरवायचो आणि गाडी वळवायचो. पुढे ते ओट्यावर अर्धा दिवस बसायचे, हे मला ठाऊकच नव्हतं. आता दोन दिवस अंगणात बसून बघतोय. आमच्यासाठी मात्र दारात दोन माणसं चाकांची खाट घेऊन उभी होती. "नेज्मा, ऐन झरूगची?" म्हणाली. तुमच्या डॉक्टर रीमने फोन केला होता. इथल्या डॉक्टरबाईंनी तुझा कागद वाचला, मेपासूनचे सगळे आकडे, आणि मला एकही प्रश्न न विचारता तिला आत घेतलं.

गाडीत मी तुला पुन्हा विचारलं, गप्प का राहिलीस. तू म्हणालीस, "वाटलं चाळीस दिवसांत तूच सांगशील. मग वाटलं वर्षभरात. मग वाटेनासं झालं." आणि वाटेत गाबेस येईपर्यंत नेज्माचा हात धरून बाहेर बघत बसलीस.

नेज्मा म्हणते मुलीचं नाव बेया ठेवू. मी म्हटलं, या घराला एक पुरे आहे. हनिया ठेवलंय.

बलकासेम


ऐन झरूग, गुरुवार, ९ ऑक्टोबर

बेया,

सूसला तुझं शिकणं कसं चाललंय? समुद्राचे मासे खाऊन जाडी होऊ नकोस. आई म्हणते, लहान बाळांची पेटी कशी चालवायची ते शिकायला तीन महिने कशाला लागतात, कोंबडीला तर एकवीस दिवस पुरतात. तिची जखम पूर्ण भरली. तरी सोमवारी जातेच. तुझ्या जागेवरच्या परिचारिकेला ती कुसकुस रांधायला शिकवतेय.

आता खरी गोष्ट. तू जायच्या आधी मी म्हटलं होतं की लोकांना सांगेन. तू म्हणालीस, "बघू." ते "बघू" मला फार लागलं होतं. पण तुझं चूक नव्हतं. त्यानंतरही मी महिनाभर टाळत होतो.

गेल्या पंधरवड्यात गाडीत तुर्किया होती, गिरणीजवळची. बरोबर तिची सून, सहावा महिना. मागे दोघं गवंडी होते, एकाचा हात मोडलेला, गळ्यात बांधलेला. फाटक दिसायला लागलं तशी तुर्किया सुनेला म्हणाली, "हे ते. इथेच याचं पोर मारलं. याच्या सख्ख्या बहिणीने." आणि मला म्हणाली, "चल बाबा, पाय दाब."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. समोर बघत सांगितलं. बुधवार, वऱ्हाड, जेवण, सगळं. तुझं नाव घेऊन सांगितलं की बेयाने मला आदल्या दिवशी बजावलं होतं.

बाहेरून एक बकऱ्यांचा कळप गेला. मग तुर्किया म्हणाली, "माझ्या थोरलीचं बाळंतपण तुझ्या गाडीत झालं, आठवतं? गाबेसच्या अलीकडे, रस्त्यावर, ट्रकवाले बघत होते. ती इथे जाऊ म्हणत होती. मी तिला तुझी गोष्ट सांगून गप्प केलं."

"हो," मी म्हणालो.

"पोरगी आजही त्या रस्त्याने जायला नाही म्हणते."

"हो."

"दुसरं काही बोलता येत नाही का तुला?"

सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी उतरते इथे. रक्तदाब तरी बघतील." तुर्किया म्हणाली, "बस खाली." सून उतरली. मग तुर्किया पुटपुटत, मला दोन शिव्या देत, तिच्यामागे उतरली, म्हणाली, "एकटी कशी जाईल ती?" गवंडी बसूनच राहिले. त्यांचं बरोबर होतं. यंत्र अजून बंद आहे. मी त्यांना घेऊन पुढे गेलो.

गोष्ट माझ्याआधी गावात पोचली. तीन दिवस माझ्या गाडीत कुणी बसलं नाही. आमोरने चहाच्या दुकानात विचारलं, "आमच्या वऱ्हाडासाठी?" आणि माझं उत्तर न ऐकताच उठून गेला. अजून बोलत नाही. मब्रूका हज्जा मात्र चौथ्या दिवशी येऊन पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "खोटं बोलणारा गाडी चालवू शकतो. आंधळा नाही चालवू शकत. चल."

आता मी फाटकाशी थांबतो. कुणाला उतर म्हणत नाही, बस म्हणत नाही. घटकाभर थांबतो, कुणी उतरलं तर उतरलं. बहुतेक दिवस कुणीच उतरत नाही. परवा तिघी उतरल्या. डॉक्टर रीम एकदा बाहेर येऊन म्हणाली, यंत्रासाठी आम्ही गावकऱ्यांनी सह्यांचा अर्ज द्यावा, तिचे अर्ज वर कुणी वाचत नाही. मी कागद गाडीत ठेवलाय. ज्यांना जागा मिळते ते सही करतात. काही जण अंगठा. चाळीस झालेत. हात मोडलेल्या गवंड्याने डाव्या हाताने केली.

आणि आज हनियाची लस होती. नेज्मा आणि मी दोघं गेलो. रांग मोठी होती. नेज्माला बसायला जागा मिळाली नाही म्हणून ती अंगणात सावलीत थांबली आणि मी पोरीला घेऊन बाकावर बसलो, दोन तास. येणारा जाणारा बघत होता. तुर्कियाची सून आली, तिने सलाम केला. एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "अरे, बलकासेम! इथे?" मी म्हटलं, "इथेच. तू कितवा?" तो म्हणाला, "तुझ्या मागे." आणि बसला.

सुई टोचली तशी हनिया अशी किंचाळली की सबंध ओसरी गप्प झाली. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "छाती ठणठणीत आहे, घेऊन जा घरी." सगळे हसले. मीही हसलो.

पुढची लस नोव्हेंबरात आहे. तोवर तू आली असशील. आम्हाला बघून रांगेत पुढे घेऊ नकोस. लोक बघत असतात.

तुझा दादा,
बलकासेम